एस2 चा घोळ सुटला, चोर निघाला पीव्हीसी पाईप

मंडळी, दाभोळच्या खाडीत उभ्या पीव्हीसी पाईपात वर सेन्सर लावून, आवाजाच्या प्रतिध्वनीवरून मी भरती-ओहोटी मोजतोय. मागच्या अपडेटमधला ग्राफ आठवतोय ना, भरतीचे सगळे घटक (ठरावीक तासांनी फिरणारी चंद्र-सूर्याची चक्रं) वजा करूनही दुपारी एक टेकाड उरायचं? ते एकदाचं खाली बसलं!

एम2 ला पहिल्यापासून त्रास नव्हता. 12.42 तासांचा चंद्राचा घटक, दाभोळच्या खाडीत पण चोख बसतो. रडत होता तो एस2, सूर्याचा, बरोब्बर 12 तासांचा. भरतीचा जोर अंतराच्या घनाने कमी होतो, म्हणून सूर्य एवढा अवजड असून त्याचा ओढा चंद्राच्या साधारण 46 टक्केच, त्यामुळे एस2 मुळात लहान, आणि थोडी जरी भेसळ झाली तरी लगेच बिघडतो.

आधी मला वाटलं एम4 असणार (उथळ पाण्यात एम2 मधूनच तयार होणारा, त्याच्या निम्म्या वेळाचा घटक), खाडी उथळ आहे. मग पाईपच्या तळाच्या भोकांत कालवं धरलीत का बघितलं, धरली होती, खरवडली, टेकाड तसंच. मग लक्षात आलं की ते भांगाला (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) फुगतं आणि उधाणाला (पुनव-अवसेची मोठी भरती) जवळजवळ गायब होतं. इथे आपलं जुनं गणित कामी आलं, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी ऐन दुपारी. पुनवेला, अवसेला उलटं, बाराच्या आसपास पाणी वर. म्हणजे भांगाला दुपारी सेन्सरपासून पाणी सगळ्यात लांब, आणि पाईप उन्हात तव्यासारखा तापलेला!

आवाजाचा वेग दर अंशाला 0.6 मीटर प्रति सेकंद वाढतो. 25 अंश धरून हिशेब केलाय आणि आत हवा 40 ला गेलीये, तर 4 मीटरवर 10 सेंमीची चूक, प्रतिध्वनी लवकर येतो आणि पाणी वर आलंय असं दिसतं. सूर्य ओढतोय तेवढा ओढतोच, वर पाईप तापवून आकडे पण फुगवतो.

आता दोन डीएस18बी20 (तापमानाचे सेन्सर) टाकलेत, एक टोपणाखाली आणि एक मध्यावर (ऑनलाइन मिळणारे स्वस्तातले घेऊ नका, बरेच डुप्लिकेट असतात, बर्फाच्या पाण्यात बुडवून बघा). पाईपला पांढरा रंग पण मारला. टेकाड बोटभर राहिलंय. परवा भांगाच्या दुपारी अंदाज आणि पाणी एकमेकांवर चढलेले बघून मी जेट्टीवर एकटाच हसत होतो, बाजूला जाळं शिवणाऱ्या काकांनी विचारलं काय झालं, आता काय सांगणार.

पुढचा प्लॅन प्रेशर सेन्सर पाण्यात सोडायचा होता, म्हणजे आवाजाची कटकटच नको. पण हे टाइप करतानाच डोक्यात आलं की आपल्याकडे हवेचा दाब पण रोज सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास वर जातो, म्हणजे परत 12 तासांचंच चक्र, परत एस2 मध्येच घुसणार! 1 हेक्टोपास्कल म्हणजे 1 सेंमी पाणी. वर दुसरा बॅरोमीटर ठेवून वजा करावं लागेल, त्यापेक्षा पाईपातच ठरलेल्या अंतरावर एक कडी बसवतो, तिचा प्रतिध्वनी मोजायचा आणि त्यावरून वेग काढायचा, तापमानाची भानगडच नाही. कडी कशाची करू? स्टील महाग पडतं आणि जीआय (जस्ताचा थर दिलेलं लोखंड) खारात टिकत नाही.

के1 वर (दिवसातून एकदा येणारा चंद्र-सूर्याचा घटक) मात्र अजून विश्वास नाही. तो 23.93 तासांचा आणि उन्हाचं चक्र 24 चं, दोघांना वेगळं करायला वर्षभराचा डेटा लागतो, आणि पावसाळ्यात पाईप जागेवर राहिला तर.