ताणावर ठेवलेली पाम रोपं – अपडेट

तर मंडळी, पाणी परत चालू केलंय. नारळ, पोफळ आणि असाई, तिन्ही रोपांना मुद्दाम पाणी तोडून ताण दिला होता, कोण आधी मान टाकतंय ते बघायला, आणि असाईच निघाली, तिचं मूळ घरच ॲमेझॉनकाठच्या पुराच्या जमिनीत, तिला कोरडं कुठलं झेपायला.

पण खरी गंमत पानं मलूल व्हायच्या आधीच असते. शेंड्याला जी मिटलेल्या नव्या पानाची सुई असते ना, तिच्यावर आणि शेजारच्या देठावर एकाच लेव्हलला मार्करने आडवी रेघ मारून ठेवा. रोप मजेत असेल तर सुईवरची रेघ वर सरकत राहते, ताण बसला की जागच्या जागी थांबते, आणि तेव्हा खालच्या झावळ्या मस्त हिरव्यागार असतात, म्हणजे नुसतं पानांकडे बघून काही कळत नाही. पर्णरंध्रं (पानांवरची बारीक छिद्रं) मिटतात, मग पात्या मधल्या शिरेवर दुमडतात, मग सगळ्यात जुनी झावळी टोकाकडून वाळते. ती लगेच कापू नका, पिवळ्या पानातलं पोटॅश नव्या पानांकडे जात असतं.

नारळ एकदम निवांत. आतला स्पंजासारखा गोळा खोबरं शोषत बसलेला, शिदोरी बांधून आलेलं पोर ते, त्याची बाकीच्यांशी तुलनाच नको.

कोकोपीट (कुंडीतला नारळाच्या काथ्याचा भुसा) कडक वाळलं की वरून ओतलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं, म्हणून कुंड्या बुडबुडे थांबेपर्यंत टबात ठेवल्या, मग निथळल्या. पात्या पटकन उघडल्या, रेघ मात्र ढिम्म! पानात पाणी चढलं म्हणजे रोप सावरलं असं नाही, पर्णरंध्रं पूर्ववत व्हायला आणि वाळलेल्या मुळांना नवीन फुटवे यायला वेळ लागतो. तोवर खत बंद, आणि रोज पाणी ओतत बसायचं नाही, वाफसा सांभाळायचा, म्हणजे ओल राहील पण चिखल होणार नाही इतकंच पाणी.

आता पोफळीची रेघ पेरभर वर गेलीये. असाईची अजून नाही, पण सुई हलकेच ओढून पाहिली तर घट्ट आहे, कोंब सडलेला वाटत नाही. तसं असाईला बुंध्यातून नवीन खोड काढायची सोय असते, पोफळीचा शेंडा गेला की विषय संपला.

ताणाच्या वेळी कोंबात पोसत असलेली पानं बाहेर यायला अजून काही महिने जातील, ती बहुतेक आखूड निघतील, तेव्हा मोजून टाकतो. कुणी कुंडीचं वजन करून पाणी देतं का? पुढच्या खेपेला तसं करायचा विचार आहे, बोट खुपसून खालचा ओलावा कळतच नाही.