लांडग्यांचा आणि लाइटचा काय संबंध?

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी, अमळनेरला गेले की जिभाऊ, म्हणजे माझे थोरले काका, दरवर्षी तेच विचारतात. ताटात खापरावरचा मांडा, वाटीत आमरस आणि वर प्रश्न: "लांडगासना आनि लाइटना काय संबंध शे वं माय?" माझी पीएचडी सोलार मायक्रोग्रिडवर, म्हणजे पाड्यापुरत्या छोट्या वीजजाळ्यावर, आणि तिच्या शीर्षकात 'ग्रे वुल्फ' (करडा लांडगा) आहे. ते संगणकावर योग्य आकडे शोधायच्या एका पद्धतीचं नाव. ते त्यांनी एकदा चष्मा लावून वाचलं, तेव्हापासून सुटका नाही. कॉलेजातली पोरंही हेच विचारतात, जरा सभ्य भाषेत. तर एकदा नीट सांगते.

आधी लाइट. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राचं टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला ५०. आपली वीज ५० हर्ट्झची ती तशी. देशभरची अशी अजस्र चाकं एकाच जाळ्यात बांधलेली आहेत. तुम्ही शेतात पाच एचपीची मोटर टाकलीत, तर त्या चाकांच्या गतीतून तिला लागणारी वीज निघून जाते, कोणाला पत्ताही लागत नाही. नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणीत एखाद्या पाड्यावर स्वतंत्र सोलार मायक्रोग्रिड असतं, तिथे फिरणारं चाकच नाही. पॅनल, बॅटरी, इन्व्हर्टर, संपलं. ५० हर्ट्झ आणि २३० व्होल्ट दोन्ही इन्व्हर्टरनेच घडवायचे आणि सांभाळायचे.

हे काम करतो इन्व्हर्टरमधला पीआय कंट्रोलर, म्हणजे चूक बघून लगेच दुरुस्ती करणारा. त्याला दोन आकडे लागतात: व्होल्टेज चुकलं तर किती जोर लावायचा, आणि साचत गेलेल्या चुकीचा हिशेब किती धरायचा. आकडे मोठे झाले तर व्होल्टेज झोके खातं, बल्ब मिचमिचतात. लहान पडले तर पंखा मरगळतो. दोन इन्व्हर्टर जोडले की लोड वाढताच प्रत्येकाने आपली फ्रिक्वेन्सी किंचित खाली सोडायची, म्हणजे एकमेकांशी न बोलता ओझं वाटलं जातं. याला ड्रूप म्हणतात. पुस्तकात ते झकास चालतं. पण पाड्यापाड्यावर गेलेल्या बारीक, लांब तारांत रोधच जास्त, त्यामुळे वॉट वाढले की फ्रिक्वेन्सीच्या आधी व्होल्टेजच बसतं. एक आकडा नीट करावा तर दुसरा बिघडतो. असे सहा-आठ आकडे एकदम जुळवायचे असतात.

इथे अल्गोरिदम, म्हणजे ते आकडे शोधायची पायरीपायरीची रीत, येतो. यावल-रावेरकडे पाणी खोल गेल्यापासून बोअरची जागा कशी ठरते, ते आठवा. प्रत्येकाला आपली सगळ्यात चांगली बोअर आठवते, आणि गावात कोणाला सगळ्यात जास्त पाणी लागलं तेही माहीत असतं. पुढची बोअर या दोन आठवणींच्या ओढीने ठरते, थोडी नशिबावर. १९९५ साली केनेडी आणि एबरहार्ट या दोघांनी (एक मानसशास्त्रज्ञ, एक विद्युत अभियंता) पाखरांच्या थव्यावरून मांडलेली 'पार्टिकल स्वॉर्म' पद्धत याच चालीची. आमच्या बोअर, म्हणजे त्या सहा-आठ आकड्यांचे एकेक अंदाज, संगणकात पडतात, म्हणून ३० जणांनी ५० फेऱ्या केल्या, १५०० भोकं पाडली, तरी कर्ज होत नाही. २०१४ साली आलेल्या ग्रे वुल्फमध्ये स्वतःची आठवण सोडून एकाऐवजी तीन पुढाऱ्यांकडे बघायचं, एवढंच. त्याआधी काजवे, वटवाघळं, नंतर देवमासे, सगळं प्राणिसंग्रहालय आलं. खरं सांगू? माझ्या प्रयोगांत लांडगा आणि पाखरू यांच्या उत्तरांत डोळ्याला दिसेल असा फरक नव्हता. प्रबंधात हे मी बरंच मऊ शब्दांत लिहिलंय.

आणि जिभाऊंना वाटतं तसा लांडगा पाड्यावर रात्रंदिवस राखण करत नाही. माझा तर संगणकावरच आकडे शोधून निवृत्त झाला. पुढे पीआय एकटा.

फरक पडतो तो आपण मागतो काय, यात. मी आधी फक्त चुकांची बेरीज कमीत कमी मागितली. अल्गोरिदमने इमानदारीत इतके तिखट आकडे दिले, की प्रयोगशाळेत इन्व्हर्टर सूं-सूं करत दोनदा ट्रिप झाला. मग उशिरापर्यंत रेंगाळणाऱ्या चुकीला वाढता दंड लावला, पतपेढीच्या दंडव्याजासारखा, आणि करंटला मर्यादा घातली. तेव्हा उत्तर माणसात आलं.

तरी पाड्यावर संध्याकाळी लाइट बसायचीच. कारण पिठाची गिरणी. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. इन्व्हर्टर दीड-दोन पटीवरच हात वर करतो. तिथे कोणताही लांडगा काय करणार? आम्ही मोटरीला व्हीएफडी, म्हणजे वेग कमी-जास्त करणारं यंत्र, लावला, त्यामुळे ती शून्यापासून हळूहळू उचलते. दळण दुपारी, उन्हात ठेवलं. मग गिरणीचा खरा करंट मीटरवर नोंदवून आणला आणि त्यावर आकडे पुन्हा शोधले. आधी मी कागदावरच्या कल्पित लोडवर शोधत बसले होते.

व्हीएफडी लावताना गिरणीवाले दादा शेजारी उभे होते. म्हणाले, "आम्ही तर आधी रिकामीच फिरवतो मॅडम. आवाज लागला की मग दाणे सोडतो." चार वर्षांत मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.