वायफायचा पासवर्ड नोटीस बोर्डावर

तर झालं असं की गेल्या महिन्यात रोज संध्याकाळी सात वाजले की ऑफिसच्या कॉलवर माझा आवाज फाटायला लागायचा, आणि इंटरनेटवाल्याला फोन केला की त्याचं ठरलेलं उत्तर, "मॅडम, राउटर एकदा बंद करून चालू करा." ते इतक्या वेळा केलं की बटण ढिलं झालं. शेवटी एका रविवारी चहाचा कप घेऊन बसले आणि राउटरचं सेटिंगचं पान उघडायला ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकलं (काही राउटरना १९२.१६८.०.१ लागतं, पाठच्या स्टिकरवर असतं बघा). युजरनेम अ‍ॅडमिन, पासवर्डपण अ‍ॅडमिन. तीन वर्षं हेच चालू होतं आमच्या घरात.

आत गेल्यावर पहिल्यांदा बघितली ती जोडलेल्या डिव्हाइसेसची यादी. सतरा! घरात माणसं चार. फोन, लॅपटॉप, टीव्ही, प्रिंटर, नवऱ्याने हौसेने आणलेला बल्ब, सगळं मोजलं तरी बारा होतात, मग उरलेले पाच कुणाचे? मला आधी वाटलं हॅकिंग वगैरे. नवरा म्हणाला थांब जरा, आपला पासवर्ड काय आहे? बाबांचा मोबाइल नंबर. (बाबा म्हणजे माझे सासरे.) कनेक्शन लावायला आलेल्या पोराने विचारलं होतं "काका, पासवर्ड काय ठेवू," आणि काकांनी लक्षात राहील असा ठेवला. वायफायचं नाव काय, तर आडनाव आणि फ्लॅट नंबर. आणि बाबा आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, त्यांचा नंबर खाली लिफ्टशेजारच्या नोटीस बोर्डावर, पाण्याच्या टँकरवाल्याच्या नंबरच्या वर, मोठ्या अक्षरात. म्हणजे लिफ्टची वाट बघताबघता आमचं वायफाय कुणीही जोडून घेऊ शकत होतं.

बरं, नोटीस बोर्ड नसता तरी मोबाइल नंबर हा पासवर्ड म्हणून बंडलच आहे. आपले नंबर ६, ७, ८ नाहीतर ९ ने सुरू होतात, म्हणजे एकूण शक्यता झाल्या चारशे कोटी. ऐकायला खूप वाटतं. पण डब्ल्यूपीए२ मध्ये (वायफायच्या सुरक्षेची नेहमीची पद्धत) फोन राउटरला जोडला जाताना दोघांत चार निरोपांची देवाणघेवाण होते, त्याला हँडशेक म्हणतात, ती कुणी हवेतून पकडून ठेवली की पासवर्ड ताडून बघायचं पुढचं सगळं तो स्वतःच्या घरी बसून करू शकतो, तुमच्या राउटरला पत्ताही लागत नाही. जरा बऱ्या गेमिंग ग्राफिक्स कार्डावर सेकंदाला चार-पाच लाख पासवर्ड तपासून होतात. पाच लाख धरा, चारशे कोटींना भागा, आठ हजार सेकंद. सव्वादोन तास. तेवढ्यात आमच्या बाबांची दुपारची झोप होत नाही.

म्हणून आता चार एकमेकांशी काही संबंध नसलेले शब्द जोडून पासवर्ड केलाय, भोपळा-छत्री-सोमवार-तांब्या अशा धर्तीवर (हा नाहीये, उगाच ट्राय करू नका). ८ ते ६३ अक्षरं चालतात, मग कंजुषी कशाला. बाबा अर्थातच चिडले, कारण टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधत टाकायला त्यांना वीस मिनिटं लागली आणि शेवटी कॅपिटल-स्मॉलमध्ये गडबड झाली.

दुसरं म्हणजे डब्ल्यूपीएस. ते बटण दाबून जोडायचं असतं ना, तेच. त्यात आठ आकडी पिनचीपण सोय असते आणि आमच्याकडे ती चालू होती. आठ आकडे म्हणजे दहा कोटी शक्यता असं वाटेल, पण राउटर आधी पहिले चार आकडे वेगळे तपासतो आणि ते बरोबर की चूक ते सांगून टाकतो, मग पुढचे तीन, आणि आठवा आकडा हा आधीच्या सातांवरून काढलेला असतो. म्हणजे दहा हजार अधिक एक हजार, जास्तीत जास्त ११,००० प्रयत्नांत खेळ खलास. २०११ च्या शेवटी हे उघड झालं तरी अजून कित्येक राउटरमध्ये ही सोय आहेच. नवीन राउटर चारदोन चुकांनंतर लॉक होतात म्हणे, पण मी सरळ बंद करून टाकलं, तसंही ते बटण घरात कुणी कधी दाबलेलं नाही.

आता आवाज फाटायचं मूळ कारण. फोनवर वायफाय अ‍ॅनालायझरचं अ‍ॅप टाकलं आणि बघते तर आजूबाजूला बावीस नेटवर्क, त्यातली नऊ चॅनल ६ वर (चॅनल म्हणजे वायफायच्या रेडिओ पट्ट्यातली एक लेन). आमचंही तिथेच, आणि वरून विड्थ, म्हणजे आपण त्या पट्ट्यातली किती जागा अडवतो ती, ४० मेगाहर्ट्झला. २.४ गिगाहर्ट्झच्या या पट्ट्यात आपल्याकडे तेरा चॅनल आहेत, पण एकमेकांच्या अंगावर न पडणारे तीनच, १, ६ आणि ११. त्यात ४० ची विड्थ म्हणजे शेअर रिक्षात पाय पसरून बसणं. सात वाजता सगळे घरी येतात, सगळ्यांचे टीव्ही सुरू होतात, कुणाचा मायक्रोवेव्हपण, आणि तोही याच पट्ट्यात गोंधळ घालतो. मी चॅनल १ घेतलं, विड्थ २० केली. गंमत म्हणजे स्पीड टेस्टचा आकडा कमी झाला, नवऱ्याने लगेच तोंड वाकडं केलं, पण कॉल तुटायचे थांबले ते थांबलेच. मला आकडा नकोय, मला सात वाजताची मीटिंग नीट हवीय.

लॅपटॉप राउटरच्या दुसऱ्या पट्ट्यावर, ५ गिगाहर्ट्झवर टाकला. तिथे हुशारी करून चॅनल १०० निवडलं कारण ते रिकामं दिसत होतं, तर सेव्ह केल्यावर ५ चं नेटवर्क गायबच! घाबरले. नंतर कळलं की या चॅनलवर रडारही चालतात, म्हणून राउटर आधी मिनिटभर गप्प बसून कान देतो आणि मगच सुरू होतो, शिवाय मध्येच रडारसारखं काही ऐकू आलं तर चॅनल सोडावं लागतं. मीटिंगच्या मध्ये हे नको, म्हणून मुकाट्याने ३६ वर आले.

सिक्युरिटी मोडमध्ये "डब्ल्यूपीए/डब्ल्यूपीए२ मिक्स्ड, टीकेआयपी अधिक एईएस" असं होतं. हे दोन माहिती कुलूपबंद करायचे प्रकार, त्यातलं टीकेआयपी जुनाट आहे, आणि जे डिव्हाइस त्यावर जोडलं जातं ते ५४ एमबीपीएसच्या वर जातच नाही, मग प्लॅन कितीचाही घ्या. मी उत्साहात सगळीकडे त्याहून नवं डब्ल्यूपीए३ लावलं आणि आमचा २०१४ चा प्रिंटर रुसला. बल्बही. शेवटी तह केला, २.४ वर डब्ल्यूपीए२ फक्त एईएस, ५ वर डब्ल्यूपीए३, दोघांची नावं वेगळी. यूपीएनपी (घरातली डिव्हाइसेस न विचारता राउटरमधून बाहेरची वाट उघडतात ती सोय) आणि बाहेरून लॉगिन करायची सोय दोन्ही बंद. अ‍ॅडमिनचा पासवर्ड अर्थात बदलला, २०१६ ला तो मिराई नावाचा व्हायरस पसरला त्यात कॅमेरे आणि राउटर असेच कंपनीच्या मूळ पासवर्डवर सापडले होते, युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी पुरली त्याला.

ऑफिसमधल्या एकाने सांगितलं वायफायचं नाव लपव आणि मॅक फिल्टर लाव, म्हणजे प्रत्येक डिव्हाइसचा मॅक नावाचा ओळख क्रमांक असतो तो बघून ठरावीक डिव्हाइसेसनाच आत घे. नाही लावलं. नाव लपवलं तर आपलेच फोन बाहेर गेल्यावर ते नाव पुकारत फिरतात, आणि मॅक अ‍ॅड्रेस हवेतून दिसतो तो कुणीही नक्कल करू शकतो. शिवाय हल्लीचे फोन स्वतःच खोटा मॅक दाखवतात, मग रोज बाबांचं "माझं का लागत नाहीये" निस्तरत बसा.

माझी एक चूक सांगते. एपी आयसोलेशन नावाचा टिकमार्क दिसला, नाव भारी वाटलं, लावून टाकला. संध्याकाळी बाबांचं फोनवरून टीव्हीवर कीर्तन टाकणं बंद, कारण त्यात एकाच वायफायवरची डिव्हाइसेस एकमेकांना दिसत नाहीत. ते फक्त पाहुण्यांच्या नेटवर्कला (त्यांना द्यायचं वेगळं वायफाय) हवं होतं. आता तिथेच आहे.

पासवर्ड बदलल्याच्या तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा सातवीतला मुलगा दारात. "आजोबा, तुमचं वायफाय बंद आहे का?" बाबा म्हणाले, "हो रे बाळा, लाइनच गेलीय," आणि मागे टीव्हीवर कीर्तन जोरात चालू. नंतर मला म्हणाले, त्या पोराला ते पाहुण्यांचं दे, परीक्षा आहे त्याची. दिलं.

फर्मवेअर, म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करायचं तेवढं राहिलंय. ते गुरुवारी करणार नाही, कारण गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते आणि अपडेट अर्धवट असताना गेली तर राउटरची वीट होते, म्हणजे तो निकामीच होतो. शनिवारी बघू, बाबांचं कीर्तन संपल्यावर.