कंपनीचा प्रवास, आपलं कार्ड: आधी तारखा, मग पॉइंट

ऑफिसच्या प्रवासाचा खर्च मी स्वतःच्या क्रेडिट कार्डावर करतो आणि मग क्लेम भरून कंपनीकडून परत घेतो. त्यावरचे पॉइंट मोजायला लागण्याआधी मी कार्डाच्या बिलाची तारीख बदलून घेतली. आमच्याकडे 20 तारखेपर्यंत भरलेले क्लेम महिनाअखेरीस पगाराबरोबर जमा होतात. म्हणून बिल 12 ला निघेल असं केलं. पैसे भरायची शेवटची तारीख त्यानंतर साधारण 20 दिवसांनी येते. म्हणजे 12 पर्यंतचा खर्च 20 च्या आत क्लेममध्ये, 30-31 ला पैसे खात्यात आणि लगेच बिल चुकतं. ही तारीख बदलून मागायची मुभा रिझर्व्ह बँकेच्या नियमांतच आहे.

अडतं ते विमानाच्या तिकिटांपाशी. तिकीट 5 तारखेला काढलं आणि प्रवास 28 ला असेल, तर क्लेम प्रवासानंतरच भरता येतो, बिल मात्र त्याआधीच दारात. अशी तिकिटं मी शक्यतो 13 किंवा 14 ला काढतो, म्हणजे बिनव्याजी जवळजवळ 50 दिवस मिळतात. तेवढं थांबलं तर भाडं वाढणार असेल, तेव्हा सरळ कंपनीकडे ॲडव्हान्स मागावा. त्यात संकोच कसला?

कारण हिशेब साधा आहे. 20,000 रुपये महिनाभर थकले, तर 3.5 टक्क्यांनी 700 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 826. शिवाय नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. एक टक्का परतावा देणाऱ्या कार्डावर 826 रुपयांचे पॉइंट मिळवायला 82,600 खर्च करावे लागतात.

तिकीट कंपनीच्या ट्रॅव्हल डेस्कने काढलं तर कार्डाचे पॉइंट मिळत नाहीत, पण विमान कंपनीचे मिळतात. डेस्कला आपला महाराजा क्लब (एअर इंडियाची सदस्य योजना) किंवा ब्लूचिपचा (इंडिगोची) नंबर देऊन ठेवावा. एअर इंडिया स्टार अलायन्समध्ये असल्यामुळे लुफ्थान्साच्या प्रवासाचे पॉइंटही महाराजा क्लबात घेता येतात, भाड्याचा वर्ग पात्र असला तर. पॉइंट अडकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे नाव. तिकिटावर वडिलांचं नाव मधे आणि सदस्य खात्यावर नाही, एवढ्यानेही अडतं. पासपोर्टवर आहे तसंच नाव दोन्हीकडे ठेवावं. बोर्डिंग पासची पीडीएफ पॉइंट जमा होईपर्यंत जपावी. राहिलेले पॉइंट मागताना तीच लागते.

अकाउंट्सला ई-तिकीट पुरत नाही. कंपनीचा जीएसटी नंबर बुकिंग करतानाच टाकायचा आणि टॅक्स इनव्हॉइस विमान कंपनीच्या साइटवरून वेगळं उतरवून घ्यायचं. हॉटेलात नंबर चेक-इनलाच द्यावा, चेक-आउटनंतर बिल बदलून घेणं फार किचकट. हॉटेलच्या साखळीचे पॉइंट हवे असतील तर बुकिंग त्यांच्याच साइटवर करावं. इतर पोर्टलवरून केलेल्या बुकिंगला ते बहुधा देत नाहीत.

परदेशात स्वाइप मशीन ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारतं. नेहमी स्थानिक चलन निवडावं. रुपये निवडले की दर दुकानदाराच्या बँकेचा लागतो आणि तो महाग पडतो. 3.5 टक्के मार्कअप, म्हणजे परकीय चलनातल्या खर्चावरचं बँकेचं जादा शुल्क, असलेल्या कार्डावर जीएसटी धरून लाखामागे 4,130 रुपये जातात, म्हणून क्लेमला कार्डाचं स्टेटमेंट जोडावं, गूगलचा दर नको.

पॉइंट खर्च करताना बिलात वळते करणं बहुतेक कार्डांवर सगळ्यात तोट्याचं. तेच पॉइंट तिकिटाला किंवा हॉटेलला वापरले तर दुपटीने मोल मिळू शकतं. विमान कंपनीकडे वळवलेले पॉइंट परत येत नाहीत, त्यामुळे आधी हव्या त्या तारखेला सीट दिसते का ते पाहावं आणि मगच वळवावेत.