फुकटच्या सॉफ्टवेअरची तीन दरपत्रके : अ‍ॅक्सेसमधून सर्व्हरवर जाण्याचा माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेत मी हिशेब आणि संगणक ही दोन्ही कामे सांभाळतो, तिथे कापूस खरेदीची सगळी नोंद बरीच वर्षे मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेसच्या, म्हणजे नोंदी साठवण्याच्या सॉफ्टवेअरच्या, एकाच फाईलमध्ये होत असे. फाटकावरच्या वजनकाट्यावर काटापट्टी निघायची, ग्रेडर आपल्या खोलीतून ओलावा आणि प्रत भरायचा, चुकारा विभागात त्यावरून शेतकऱ्याचा हिशेब तयार व्हायचा, आणि व्यवस्थापक साहेबांना दिवसभराच्या आवकेचा आकडा हवा असला की तेही तीच फाईल उघडायचे. ही फाईल सोडून सर्व्हरवरचा डेटाबेस घ्यावा हे मला जेव्हा पटले, तेव्हापासून तो प्रत्यक्ष घेईपर्यंत एक अख्खा हंगाम वाया गेला. त्यात तांत्रिक अडचणींचा वाटा फार थोडा होता.

फाईल केवढी झाली म्हणजे बदल करावा, असे मला अनेक जण विचारतात. अ‍ॅक्सेसच्या फाईलला 2 जीबीची मर्यादा आहे हे खरे, पण आमची फाईल त्या मर्यादेच्या आसपासही नव्हती. एकाच वेळी किती हात त्या फाईलमध्ये लिहितात आणि लिहिता लिहिता संपर्क तुटला तर काय होते, हे आधी पाहावे, असे माझे मत आहे. अ‍ॅक्सेसची फाईल सामायिक फोल्डरमध्ये नुसती पडून असते. प्रत्येक संगणक तिच्यातली पाने नेटवर्कवरून स्वतःच ओढून आणतो, स्वतःच बदलतो आणि परत ठेवतो. चार कारकुनांनी एकच खतावणी आपापल्या टेबलावर ओढत लिहावी, तसा हा प्रकार आहे. सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये फाईलला हात लावणारा एकच प्रोग्रॅम असतो, बाकीचे फक्त मागणी करतात, आणि मधेच वीज गेली तर अर्धवट राहिलेला व्यवहार सर्व्हर पुन्हा सुरू होताना आपोआप रद्द होतो. अ‍ॅक्सेसला कागदोपत्री 255 जण एकदम चालतात, पण फाटकावरचा संगणक वायफायवर असेल आणि गावात भारनियमन असेल तर चौघेही पुष्कळ होतात.

आमच्याकडे लक्षणे स्पष्ट होती. फाईल दुरुस्त करून आवळण्याचे जे काम पूर्वी महिन्यातून कधीतरी करावे लागे, ते रोज संध्याकाळी करावे लागू लागले. सगळे घरी गेल्यावरही कुलुपाची छोटी फाईल, म्हणजे मूळ फाईल कोणी उघडली की आपोआप तयार होणारी आणि नावाच्या शेवटी एलएसीसीडीबी असलेली, तशीच पडून राहू लागली. ऐन आवकेच्या दिवसांत एकदा ‘अनरेकग्नाइज्ड डेटाबेस फॉरमॅट’, म्हणजे फाईलची रचनाच ओळखू येत नाही, असा संदेश आला, तेव्हा यार्डात गाड्यांची रांग सडकेपर्यंत लागलेली होती आणि सकाळपासूनच्या काटापट्ट्या कार्बन प्रतींवरून रात्री पुन्हा भराव्या लागल्या. ज्या दिवशी अशी पुनर्भरणी करावी लागते, त्या दिवशी निर्णय झाला असे समजावे. मात्र हंगाम चालू असताना बदल करू नये. दिवाळीपासून मार्चपर्यंत फाईल कशीबशी तगवावी आणि काम उन्हाळ्यात काढावे.

उन्हाळ्यात मी विषय संचालक मंडळापुढे ठेवला. एसक्यूएल सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरच्या डेटाबेसची एक्सप्रेस आवृत्ती फुकट मिळते, आम्ही घेणार होतो त्या 2019 च्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबीपर्यंत जागा मिळते, आणि अ‍ॅक्सेसमधले आपले फॉर्म आणि अहवाल जसेच्या तसे ठेवून फक्त तक्ते, म्हणजे नोंदी ज्यात असतात ती टेबले, सर्व्हरवर नेता येतात, असे मी टिपणीत लिहिले होते. पोस्टग्रेस हा दुसरा सर्व्हर-डेटाबेसही फुकट आहे आणि त्याला अशी मर्यादा नाही, पण अ‍ॅक्सेसमधले तक्ते एसक्यूएल सर्व्हरवर हलवण्यासाठी मायक्रोसॉफ्टचेच विनामूल्य साधन आहे म्हणून मी पहिला पर्याय सुचवला. अध्यक्षांनी टिपणी वाचून विचारले, “चालू हाये ना सध्या? मंग कायले हात लावता?” रात्रीच्या पुनर्भरणीची आठवण दिल्यावर विषय पुढे सरकला आणि ठराव झाला, तो असा की नियमाप्रमाणे तीन दरपत्रके मागवून तुलनात्मक तक्त्यासह विषय पुन्हा ठेवावा.

जी वस्तू फुकट आहे तिचे दरपत्रक कोण देणार? मी जिल्ह्याच्या ठिकाणी विचारणा केली. एका विक्रेत्याने नमुना कोरा परत केला. दुसऱ्याने एक्सप्रेसऐवजी सशुल्क आवृत्ती, कपाटात बसणारा सर्व्हर, आणि त्याच्यासाठी वातानुकूलित खोली असे सगळे मांडून जो आकडा दिला, त्यात आमच्या फाटकाचे काँक्रिटीकरण झाले असते. तिसऱ्याने फक्त संगणकाचा दर दिला. पुढच्या सभेत तुलनात्मक तक्ता ठेवला तेव्हा खरेदी समितीने हरकत घेतली की तिन्ही दरपत्रके एकाच वस्तूची नाहीत, सबब तुलना होत नाही, आणि ती हरकत नियमाला धरूनच होती, याचाच मला जास्त राग आला. एक संचालक म्हणाले, “फुकटात भेटते तं ठराव कायले पाह्यजे? टाकून द्या ना.” त्यावर सचिवांनी उत्तर दिले की ठरावाशिवाय संस्थेच्या संगणकावर काही टाकले तर उद्या लेखापरीक्षणात शेरा येईल. दोघांचेही म्हणणे सभावृत्तात नोंदले गेले आणि विषय तहकूब झाला. त्यानंतरची सभा गणपूर्तीअभावी झाली नाही, कारण पेरण्या सुरू झाल्या होत्या. त्याच्या पुढची सभा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या तयारीत गेली. आणि मग बोंडे फुटू लागली.

तो हंगाम आम्ही जुन्याच फाईलवर काढला. सर्व्हर नसतानाही जे करता येते ते मी केले, आणि ज्यांना मंजुरी मिळत नाही त्यांनी हे तरी आधी करावे. फाईलचे दोन भाग करावेत, तक्ते एका फाईलमध्ये सामायिक ठेवून फॉर्म आणि अहवालांची प्रत प्रत्येक संगणकावर स्वतंत्र द्यावी. फाटकापर्यंत वायफायऐवजी केबल टाकावी. जिथे तक्त्यांची फाईल आहे त्या संगणकाला चांगल्या बॅटरीचा यूपीएस द्यावा. एवढ्यानेच त्रास थांबला तर सर्व्हरचा विचार दोन वर्षे लांबवायला हरकत नाही, आणि अनेक छोट्या कृषी सेवा केंद्रांना तेवढे पुरते. आमचा त्रास कमी झाला, थांबला नाही.

कोंडी शेवटी लेखापरीक्षकांनी फोडली. मार्चनंतर ते आले असताना मी त्यांना दरपत्रकांचा तुलनात्मक तक्ता दाखवला, तेव्हा त्यांनी सुचवले की दरपत्रके सॉफ्टवेअरची मागूच नका. संगणक, यूपीएस, बसवणी आणि माहिती हलवण्याची मजुरी यांची मागा, आणि प्रत्येक दरपत्रकात ‘परवाना शुल्क : निरंक’ अशी ओळ ठेवायला सांगा. तिन्ही दरपत्रके एकसारखी आली, सर्वांत कमी दर मंजूर झाला, आणि वर्षभर अडलेला विषय चहा येण्याच्या आत संपला. ज्यांच्या संस्थेत असे मंडळ आहे त्यांनी ही ओळ पहिल्याच टिपणीत लिहावी.

माहिती हलवण्याचे काम त्या मानाने सोपे गेले, तरी काही गोष्टी सांगून ठेवतो. अ‍ॅक्सेस सन 100 पासूनची कोणतीही तारीख मुकाट्याने स्वीकारते, पण एसक्यूएल सर्व्हरचा जुना तारीख-प्रकार 1753 च्या मागे जात नाही. आमच्याकडे 2017 च्या जागी 1017 असे वर्ष पडलेल्या काटापट्ट्या निघाल्या आणि त्या आधी दुरुस्त कराव्या लागल्या. होय-नाही प्रकारचा रकाना रिकामा राहिला तर नोंद बदलताना ‘दुसऱ्या कोणी ही नोंद बदलली आहे’ अशी खोटी तक्रार येते, म्हणून त्याला आधीच शून्य हे ठरावीक मूल्य द्यावे. शेतकऱ्यांची नावे देवनागरीत असतील तर रकाना युनिकोडचाच, म्हणजे सर्व लिप्यांची अक्षरे साठवणारा, आहे ना, हे पाहावे, नाहीतर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसतात. एक्सप्रेस बसवल्यावर नेटवर्कवरून जोडणीची सोय मुळात बंद असते. ती सुरू करून फायरवॉलमध्ये, म्हणजे बाहेरच्या जोडण्या अडवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, वाट द्यावी लागते, आणि फाटकावरचा संगणक ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणू लागला तर दोष बहुधा इथेच असतो.

एक्सप्रेसमध्ये ठरलेल्या वेळी आपोआप बॅकअप घेणारा भाग नसतो, त्यामुळे विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून रोज रात्री बॅकअप घेण्याची व्यवस्था स्वतः करावी, आणि तो बॅकअप दुसऱ्या संगणकावर एकदा तरी उघडून पाहावा. जुनी फाईल काढून टाकू नये, पण सामायिक फोल्डरमधून हलवून फक्त वाचनापुरती ठेवावी, कारण कोणाच्या तरी डेस्कटॉपवर तिचे जुने चिन्ह राहिलेले असते आणि गर्दीच्या दिवशी हात सवयीने त्याच चिन्हावर जातो.