आजोबांच्या लॉजचं नवं रूप

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याजवळच्या आमच्या जुन्या लॉजचं काम अखेर हाती घेतलं. दत्तजयंतीला घोडेबाजार भरला की आजोबांच्या काळात पडवीतसुद्धा घोंगड्या टाकून माणसं झोपायची.

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, पीओपीचं सिलिंग करा, भिंतींना टाइल्स लावा. मी नाही म्हणालो. मे महिन्यात इकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा मातीची जाड भिंत आणि वरचं धाबंच, म्हणजे मातीचं सपाट छत, माणसाला तारतं.

आधी सिमेंटचा गिलावा खरवडला. तो आम्हीच केला होता. ओल आत कोंडून माती भुसभुशीत झाली होती. आता चुना लावतोय. पडवीतल्या सागवानी खांबांवरचा ऑइलपेंट सुतारमामांनी चार दिवस घासून काढला. एका खांबावर घोड्याच्या दोरीनं पडलेली खाच निघाली, बोट बरोबर बसतं तिच्यात. मामा म्हणाले, “भाऊ, या खांबले पॉलिश नको, नुसतं जवसाचं तेल.” तेच केलं.

सात खोल्यांच्या पाच केल्या, प्रत्येकीला संडास-बाथरूम. त्यात तडजोड नाही. ट्यूबलाइट काढून कोनाड्यांत पिवळे दिवे बसवले. स्वयंपाकघरातला पाटा-वरवंटा मात्र जागचा हलवला नाही. शेवभाजीचं वाटण अजून त्यावरच होतं.