लिलावाच्या वहीतली बाकी

मार्चअखेरीचा हिशेब तपासायला नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलो होतो. अमेरिकन मराठी मिशन 1831 मध्ये नगरला आलं, त्याच परंपरेतली ही छोटी ख्रिस्ती मंडळी, म्हणजे गावातलं चर्च. पावतीपुस्तकं जुळली. मग खजिनदारांनी हंगामाच्या सणाची वही पुढं केली.

हा सण मला फार आवडतो. बाजरी, भोपळे, कोंबड्या पुलपिटापुढं, म्हणजे उपदेशाच्या व्यासपीठापुढं ठेवतात आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. ज्याच्याकडं काहीच नाही तोही दोन लिंबं घेऊन येतो. पण चढाओढीत बोली वाढते, खिशात नसलेले पैसे बोलले जातात. वहीत लिहिलं होतं: ‘लाल भोपळा, 1,100, बाकी.’ नाव एका मावशींचं. दोन वर्षं त्या उपासनेला आल्या नव्हत्या. दुसऱ्या मंडळीत जात असतील, असं पाळकसाहेबांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंना वाटत होतं.

संध्याकाळी आम्ही दोघं त्यांच्याकडं गेलो. मावशींनी चहा ठेवला आणि डब्यातून प्लास्टिकची पिशवी काढली. आत 640 रुपये, दहा-वीसच्या नोटा.

“बाकीचे कांद्याच्या मजुरीतून देते, साहेब. तोवर देवापुढं कुठल्या तोंडानं येऊ?”

पैसे का साठत नाहीत, हे हळूहळू कळलं. लेकाच्या आजारपणात सावकाराचे 10,000 घेतलेले, महिना शेकडा पाचानं. महिन्याला 500 देत 22 महिने झाले. मी कॅलेंडरच्या पाठीमागं मांडून दाखवलं: 11,000 गेले ते नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. मावशी त्या आकड्याकडं बघतच राहिल्या. त्यांना वाटत होतं, कर्ज फिटत आलं.

पाळकसाहेब म्हणाले, “कमाईचा दहावा भाग, दशमांश द्या, यावर दरवर्षी बोलतो मी. कर्जावर एकदाही बोललो नाही.”

परवाना नसताना सावकारी करणं 2014 च्या कायद्यानं गुन्हा आहे, सहकार खात्याच्या सहाय्यक निबंधकांकडं तक्रार करता येते, हे मी सांगितलं. पण मावशी त्याच माणसाच्या रानात मजुरीला जातात. त्या नको म्हणाल्या, आम्हीही ताणलं नाही.

मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीत वाद झाला. ‘उद्या सगळेच मागतील’ म्हणणारे होतेच. शेवटी ठराव झाला: गरिबांच्या फंडातून 10,000 बिनव्याजी, महिना 500, म्हणजे 20 महिन्यांत मोकळ्या. वहीतली सगळी बाकी माफ. यापुढं लिलाव रोखीनं, उधारी नाही.

परवा सहावा हप्ता आला. मावशी आता दर रविवारी येतात. बसतात मात्र अजून शेवटच्या बाकावर, दाराजवळ.